प्रौढांमधील वृद्धिसंप्रेरकाची न्यूनता आणि हृदयरोगाचा धोका : पुण्यातील संशोधनाच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

वृद्धिसंप्रेरकाची न्यूनता असलेल्या प्रौढांना हृदयरोगाचा धोका अधिक असतो, हे विधान १९९० नंतरच्या वैद्यकीय लेखनात जवळजवळ सिद्धान्तासारखे वावरत आले आहे. प्रस्तुत लेखात या विधानामागील पुराव्याची चिकित्सा केली आहे. मृत्युदराचे अभ्यास, जन्मजात न्यूनतेचे अभ्यास आणि उपचारांच्या चाचण्या यांची संगती लावताना पुणे येथील के.ई.एम. रुग्णालयातून पुढे आलेल्या शरीररचनाविषयक निष्कर्षांचा कसोटी म्हणून उपयोग केला आहे. ज्या लोकसमूहात सर्वसामान्य माणसाच्या शरीरातच मेद अधिक आणि स्नायू कमी आढळतात, तेथे परदेशी मानकांवरून या न्यूनतेचे निदान व धोका ठरवणे कितपत योग्य, हा लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : वृद्धिसंप्रेरक, पीयूषिका ग्रंथी, हृदयरोग, मेदवितरण, पुणे माता पोषण अभ्यास, शीहान विकार.

प्रस्तावना

जानेवारी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक होते पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता. क्ष-किरणांच्या साहाय्याने मेदाचे मापन केले तेव्हा मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद आढळला. एकाच आकड्याआड दोन भिन्न शरीरे दडलेली असू शकतात, ही गोष्ट या छोट्याशा टिपणाने जगभरच्या अभ्यासकांच्या मनावर ठसवली. लंडनचे डॉक्टर मॅरेथॉन धावतात आणि पुण्याच्या डॉक्टरांची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्यापुरती असते, अशी मिश्कील कबुलीही त्या टिपणात होती. त्यामुळे दोघांतील फरक सर्वस्वी वंशाचा किंवा जन्माचा मानता येत नाही, हेही तेथेच स्पष्ट झाले होते.

या छायाचित्राचा वृद्धिसंप्रेरकाशी वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. परंतु वृद्धिसंप्रेरकाची न्यूनता असलेल्या प्रौढ रुग्णाचे पाठ्यपुस्तकातील वर्णन वाचले की संबंध ध्यानात येतो. पोटावर वाढलेला मेद, घटलेले स्नायू, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि लवकर येणारा थकवा ही त्या वर्णनाची मुख्य अंगे होत. यांतील पहिली दोन अंगे पुण्यातील संशोधकांनी निरोगी मानल्या गेलेल्या भारतीयांतच दाखवून दिली. तेव्हा एका ठिकाणी जे आजाराचे लक्षण, तेच दुसऱ्या ठिकाणी जनसामान्यांचे रूप असेल, तर धोक्याचे गणित कोणत्या पायावर मांडायचे, असा प्रश्न उद्भवतो.

गृहीतकाची घडण

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका अर्थात पिट्यूटरी ग्रंथी वृद्धिसंप्रेरक स्रवते. त्याच्या प्रभावाने मुख्यतः यकृतात इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ तयार होतो. बालपणी या जोडीचे काम उंची वाढवण्याचे. म्हणून उंची पूर्ण झाल्यावर प्रौढाला या संप्रेरकाची गरज उरत नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. शिवाय मृतांच्या पीयूषिका ग्रंथींतून मिळवलेला त्याचा साठा अतिशय तुटपुंजा होता आणि तो मुलांसाठीच राखून ठेवला जाई. त्या साठ्यातून मेंदूचा एक प्राणघातक रोग संक्रमित झाल्याचे १९८५ मध्ये उघडकीस आले. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेल्या वृद्धिसंप्रेरकाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि पुरवठ्याची मर्यादा संपली. प्रौढांच्या उपचाराचा विचार यानंतर बळावला, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात नजरेआड करून चालत नाही.

१९८९ मध्ये प्रौढांवरील पहिल्या नियंत्रित चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी लंडनमधील चाचणीत २४ रुग्ण होते. सहा महिन्यांच्या उपचारानंतर त्यांच्या शरीरातील मेद सरासरी ५.७ किलोग्रॅमने घटला आणि मेदरहित वस्तुमान ५.५ किलोग्रॅमने वाढले. पाठोपाठ १९९० मध्ये स्वीडनमधील रोसेन आणि बेंग्टसन यांचा मृत्युदराचा अभ्यास आला. १९५६ ते १९८७ या काळात पीयूषिका ग्रंथीचे कार्य मंदावल्याचे निदान झालेल्या ३३३ रुग्णांपैकी १०४ जण दगावले होते. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने ५७ मृत्यू अपेक्षित होते. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेल्या मृत्यूंची संख्या अपेक्षेच्या सुमारे दुप्पट होती. या रुग्णांना कॉर्टिसोन, थायरॉइड संप्रेरक व लैंगिक संप्रेरके दिली जात होती. दिले जात नव्हते ते केवळ वृद्धिसंप्रेरक. त्यावरून वाढीव मृत्यूंचे कारण म्हणून वृद्धिसंप्रेरकाच्या अभावाकडे बोट दाखवले गेले. अमेरिकेत १९९६ मध्ये प्रौढांच्या उपचाराला मान्यता मिळाली, तोपर्यंत हे अनुमान वैद्यकीय लेखनात चांगलेच स्थिरावले होते.

पुराव्याची चिकित्सा

या अनुमानाचा तर्क वजाबाकीचा आहे. सर्व संप्रेरके दिली, एक दिले नाही आणि मृत्यू वाढले. म्हणून न दिलेले संप्रेरक कारणीभूत. हा तर्क टिकण्यासाठी एक अट पूर्ण व्हावी लागते. दिलेली संप्रेरके योग्य प्रमाणात आणि योग्य वेळी दिलेली असली पाहिजेत. नेमकी हीच अट पुढील संशोधनाने डळमळीत केली.

इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागातील १,०१४ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही मृत्युदर अपेक्षेच्या १.८७ पट आढळला. म्हणजे मूळ निरीक्षण खरे ठरले. परंतु किरणोपचार घेतलेल्या रुग्णांत मृत्युदर अधिक होता, तसेच लैंगिक संप्रेरकांची न्यूनता उपचाराविना राहिलेल्यांतही तो अधिक होता. पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण चढे होते. पुढे २००६ मध्ये असे दिसून आले की, दिवसाला २० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक हायड्रोकॉर्टिसोनच्या तोडीची मात्रा घेणाऱ्या रुग्णांत कोलेस्टेरॉल, कंबरेचा घेर यांसारखी चयापचयाची मापे बिघडलेली असतात. पूर्वीच्या पिढीतील रुग्णांना याहून मोठ्या मात्रा सर्रास दिल्या जात. स्टेरॉइडच्या अतिरेकानेही पोटावर मेद साचतो आणि स्नायू झिजतात. म्हणजे ज्या शरीररूपाचा दोष वृद्धिसंप्रेरकाच्या अभावाला दिला गेला, त्यात औषधाचाही वाटा असण्याची शक्यता आहे. ग्रंथीवरील गाठ, तिची शस्त्रक्रिया, किरणोपचार, स्टेरॉइडची मात्रा आणि लैंगिक संप्रेरकांची उपेक्षा हे सर्व धागे एकाच रुग्णाच्या आयुष्यात एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांतून एकच धागा ओढून काढणे संख्याशास्त्रालाही सहजसाध्य नाही.

हा गुंता नसलेला रुग्णसमूह अस्तित्वात आहे. ब्राझीलच्या सर्जिपे राज्यातील इताबायानिन्हा परिसरात एकाच जनुकदोषामुळे जन्मतः वृद्धिसंप्रेरकाची तीव्र न्यूनता असलेली अनेक माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. दोष वृद्धिसंप्रेरक स्रवण्याचा संदेश ग्रहण करणाऱ्या ग्राहीच्या जनुकात आहे. याच जनुकातील वेगळा दोष १९९६ मध्ये एका भारतीय मुस्लिम कुटुंबात आणि पुढे सिंध प्रांतातही नोंदवला गेला होता. इताबायानिन्हातील रुग्णांची इतर संप्रेरके शाबूत आहेत. त्यांना ना गाठ, ना किरणोपचार. त्यांच्या पोटावर मेद अधिक असतो, कोलेस्टेरॉलही अधिक असते. तरीही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत उपचार न घेतलेल्या अशा प्रौढांमध्ये अकाली धमनीकाठिण्याचा पुरावा मिळाला नाही. २०१० च्या अभ्यासानुसार, वयाची विशी ओलांडलेल्यांचे आयुर्मान त्यांच्या निरोगी भावंडांपेक्षा कमी नव्हते. त्यांची इन्सुलिनसंवेदनशीलता वाढलेली असते, हा त्यांच्या संरक्षणाचा एक संभाव्य खुलासा होय.

या पुराव्यालाही मर्यादा आहे. जन्मजात आणि केवळ एकाच संप्रेरकाची न्यूनता ही प्रौढपणी गाठीमुळे उद्भवलेल्या बहुविध न्यूनतेहून वेगळी अवस्था आहे. ग्रामीण ब्राझीलमधील जीवनमानही स्वीडनसारखे नाही. त्यामुळे एका समूहाचा निष्कर्ष दुसऱ्यावर जसाच्या तसा लादता येणार नाही. परंतु वृद्धिसंप्रेरकाचा अभाव एकट्यानेच हृदयाला घातक ठरतो, हे विधान सरसकट करता येत नाही, इतके मात्र या पुराव्याने निश्चित होते.

पुण्याची कसोटी

पुण्यातील संशोधनाचे महत्त्व येथे ध्यानात येते. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'पुणे माता पोषण अभ्यासा'त गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांच्या नोंदी घेण्यात आल्या. तेथील पूर्ण दिवसांच्या नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी करणारा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याच्या बाळांचे दंड आणि पोटाचे घेर फारच लहान होते. पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली मोजलेली त्वचेची घडी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू व अंतर्गत अवयव यांच्या वाट्याला तूट आली. मेद बराचसा राखला गेला. या बालकाला इंग्रजीत 'थिन-फॅट', म्हणजे दिसायला कृश पण मेदाने संपन्न, असे नाव मिळाले. त्वचेच्या घडीवरून मेदाचा अंदाज घेणे ही अप्रत्यक्ष पद्धत आहे, हा आक्षेप रास्त होता. २००९ मध्ये पुणे व लंडन येथील नवजात बालकांच्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांनी पोटातील मेदाचे भारतीय बाळांमधील आधिक्य प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा त्या आक्षेपाचे बरेचसे निराकरण झाले.

वृद्धिसंप्रेरकाच्या प्रश्नाशी अधिक निकटचा अभ्यास याआधीच, १९९५ मध्ये, प्रसिद्ध झालेला होता. मात्र त्याची दखल या संदर्भात क्वचितच घेतली जाते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेल्या चार वर्षांच्या सुमारे दोनशे मुलांच्या आणि इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या सात वर्षांच्या मुलांच्या रक्तातील इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ त्यात मोजण्यात आला होता. उंच व वजनदार मुलांत तो अधिक असणे स्वाभाविकच होते. परंतु सध्याचे आकारमान जमेस धरल्यावर, जन्मतः कमी वजनाच्या मुलांत तो अधिक आढळला. म्हणजे जन्मतः लहान असलेल्या मुलांच्या शरीरात वृद्धीचा हा अक्ष मंदावलेला नव्हता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील आठ वर्षांच्या ४७७ मुलांच्या अभ्यासात, जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी मोठी असलेल्या मुलांत इन्सुलिनरोध व हृदयरोगाचे इतर धोकासूचक घटक सर्वाधिक दिसले.

या निष्कर्षांना वरील चर्चेशेजारी ठेवले असता तीन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की, रूपसाम्य म्हणजे कारणसाम्य नव्हे. न्यूनताग्रस्त रुग्ण आणि सर्वसामान्य पुणेकर यांच्या मेदाचे वितरण सारखे भासले, तरी पहिल्यात संप्रेरकाचा अभाव आहे आणि दुसऱ्यात गर्भावस्थेतील पोषणाचा व नंतरच्या वाढीचा इतिहास. दुसरी गोष्ट, मेद पोटावर असणे ही बाब स्वतःहून भविष्य ठरवत नाही. इताबायानिन्हात ती वाढीव इन्सुलिनसंवेदनशीलतेसह आढळते, पुण्यात इन्सुलिनरोधासह. हृदयाच्या दृष्टीने या दोन स्थितींचे फलित एकच असेल असे मानण्यास आधार नाही. तिसरी गोष्ट तुलनेच्या पायाची आहे. स्वीडन वा इंग्लंडमधील निरोगी व्यक्तीशी तुलना केल्यास पुण्यातील रुग्णाचा सगळा मेद न्यूनतेच्या खात्यावर जमा होईल. त्यातील किती भाग त्याच्या शेजाऱ्याच्या शरीरातही तितकाच आहे, हे स्थानिक तुलनेवाचून कळणार नाही.

निदानाचा प्रश्न

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. वृद्धिसंप्रेरक दिवसभर थोड्या थोड्या वेळाने उसळत स्रवते. त्यामुळे एका वेळच्या रक्ततपासणीवरून न्यूनता ठरत नाही. इन्सुलिन देऊन रक्तशर्करा उतरवणे किंवा अन्य उत्तेजक देणे आणि मग संप्रेरकाची उसळी किती येते हे पाहणे, अशी चाचणी करावी लागते. मेद, विशेषतः पोटातील मेद, ही उसळी दाबतो. हे जाणूनच एका प्रचलित उत्तेजन चाचणीसाठी शरीरवस्तुमान निर्देशांकानुसार वेगवेगळ्या मर्यादा सुचवण्यात आल्या. निर्देशांक २५ च्या आत असल्यास लिटरला ११.५ मायक्रोग्रॅम, २५ ते ३० असल्यास ८ आणि त्याहून अधिक असल्यास ४.२ मायक्रोग्रॅम. या आकड्यांखालील प्रतिसाद न्यूनतेचा द्योतक मानला जातो.

लठ्ठपणाची दखल घेणारी ही सुधारणा स्तुत्य आहे. परंतु ती ज्या निर्देशांकावर उभी आहे, त्यानेच २००४ च्या छायाचित्रात पुण्याच्या डॉक्टरांचा मेद लपवला होता. निर्देशांक २२ असलेल्या एखाद्या भारतीयाच्या शरीरात युरोपातील २६ वा २७ निर्देशांकाच्या माणसाइतका मेद असू शकतो. त्याची उसळी मेदामुळे दबलेली असूनही त्याला कृश माणसाची कडक मर्यादा लावली जाईल आणि न्यूनता नसताना न्यूनतेचा शिक्का बसेल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसमूहांसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीने २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरली. मुलांच्या बाबतीत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये नवे वृद्धी-आलेख स्वीकारले. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातील डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांचा त्यात पुढाकार होता, आणि त्यांत प्रौढांच्या २३ व २७ या निर्देशांकांशी जुळणाऱ्या रेषा आखलेल्या आहेत. मधुमेह आणि बालवाढ या क्षेत्रांत स्वीकारलेले हे भान प्रौढांच्या वृद्धिसंप्रेरक-चाचणीपर्यंत मात्र पुरेसे झिरपलेले नाही.

भारतीय रुग्ण आणि उपचाराचा क्रम

पाश्चात्त्य अभ्यासांतील बहुतेक रुग्ण पीयूषिका ग्रंथीच्या गाठीचे आहेत. भारतात आणखी एका रुग्णसमूहाचा विचार अपरिहार्य ठरतो. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊन पीयूषिका ग्रंथी निकामी होणे, या विकाराचे वर्णन शीहान यांनी १९३७ मध्ये केले. प्रसूतीनंतर दूध न येणे, पाळी परत सुरू न होणे, कायमचा थकवा, थंडी सहन न होणे अशी त्याची लक्षणे असतात. काश्मीर खोऱ्यातील २००५ च्या अभ्यासात, प्रसूती झालेल्या व विशीपुढील स्त्रियांत याचे प्रमाण सुमारे तीन टक्के आढळले आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांची बाळंतपणे घरी झालेली होती. हे प्रमाण अन्य प्रदेशांना तसेच लागू करता येणार नाही. मात्र रुग्णालयीन प्रसूतीपूर्वीच्या पिढीतील स्त्रिया सर्वत्रच आहेत. त्यांच्या बाबतीत ना गाठ असते, ना किरणोपचार. म्हणून स्वीडनच्या अभ्यासातील एक मोठा गुंता येथे आपोआप सुटतो. दुसरा गुंता मात्र वाढतो. कारण निदानावाचून कित्येक वर्षे थायरॉइड, कॉर्टिसॉल आणि लैंगिक संप्रेरकांचाही अभाव राहिलेला असतो. अशा स्त्रियांच्या हृद्धमन्यांत कॅल्शियमचा संचय अधिक असल्याचे काश्मीरमधील अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. ही नोंद गंभीर आहे, परंतु दोषाची वाटणी ती करू शकत नाही.

उपचाराच्या फलिताविषयीही असाच संयम आवश्यक आहे. ३७ नियंत्रित चाचण्यांचे २००४ मधील एकत्रित विश्लेषण सांगते की, वृद्धिसंप्रेरक दिल्याने मेद, घातक कोलेस्टेरॉल आणि हृदय शिथिल असतानाचा रक्तदाब घटतो. त्याच विश्लेषणात उपाशीपोटीची शर्करा आणि इन्सुलिन वाढल्याचेही आढळते. मधुमेहाकडे मुळातच झुकलेल्या लोकसमूहात जमाखर्चाची ही दुसरी बाजू जड ठरू शकते. हृदयविकाराचे झटके वा मृत्यू कमी होतात काय, हे ठरवणारी यादृच्छिक नियंत्रित चाचणी झालेली नाही. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही उणीव मान्य केली आहे. २०२० मध्ये आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या इंजेक्शनलाही मान्यता मिळाली. रोजची सुई टळली, पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

या अनिश्चिततेचा उलटा लाभ उठवणारेही आहेत. १९९० मध्ये साठीपुढील २१ पुरुषांवरील एका छोट्या अमेरिकी प्रयोगात वृद्धिसंप्रेरकाने मेद घटून स्नायू वाढल्याचे दिसले. त्या आधारावर चिरतारुण्याचा बाजार उभा राहिला, व्यायामशाळांपर्यंत पोहोचला. ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवते अशा ॲक्रोमेगालीच्या रुग्णांचे हृदय विस्तारते आणि निकामीही होते, हे वास्तव त्या बाजारात सांगितले जात नाही.

निष्कर्ष

वृद्धिसंप्रेरकाची न्यूनता असलेल्या प्रौढांत, विशेषतः पीयूषिका ग्रंथीच्या व्यापक विकारात, हृदयरोगाचे प्रमाण वाढलेले असते हे निरीक्षण भक्कम आहे. त्या वाढीचे मुख्य कारण वृद्धिसंप्रेरकाचा अभाव हेच होय, हे विधान त्या मानाने दुबळे आहे. आणि ते संप्रेरक दिल्याने हृदयरोगाचे मृत्यू टळतात, हे विधान आजवर सिद्ध झालेले नाही. या तीन विधानांची गल्लत होते, तेव्हा रुग्णाच्या पदरी महागडा, आयुष्यभराचा उपचार पडतो आणि त्याच वेळी स्वस्त व तातडीचे उपाय मागे राहण्याचा संभव असतो.

यावरून व्यवहाराचा क्रम स्पष्ट होतो. कॉर्टिसॉलची तूट आधी भरून काढावी, पण मात्रा आटोपशीर ठेवावी. त्यानंतर थायरॉइडची, आणि वयानुरूप लैंगिक संप्रेरकांची पूर्ती करावी. रक्तदाब, शर्करा व कोलेस्टेरॉल यांवर नेहमीचे उपचार करावेत, कंबरेचा घेर भारतीय मर्यादेने मोजावा. यानंतरही थकवा आणि दुर्बलता उरल्यास, नीट सिद्ध झालेल्या न्यूनतेत, शर्करेवर लक्ष ठेवून वृद्धिसंप्रेरकाचा विचार व्हावा. तो जीवनमान सुधारण्यासाठी व्हावा. हृदयाचा विमा म्हणून नव्हे.

संशोधनाच्या बाजूने पाहता, पुण्यासारख्या शहराकडे या प्रश्नाचे साहित्य इतर अनेक ठिकाणांपेक्षा अधिक आहे. जन्मापूर्वीपासून नोंद झालेले आणि आता तारुण्यात पोहोचलेले बालकसमूह येथे आहेत, मेदमापनाची साधने आहेत, बालवाढीची स्थानिक मानके घडवण्याचा अनुभव आहे. निरोगी भारतीय प्रौढांत मेदाच्या प्रत्यक्ष मापनानुसार वृद्धिसंप्रेरकाचा प्रतिसाद किती असतो, याची सारणी तयार झाल्यास निदानाला स्वतःचा पाया मिळेल. तोवर परक्या फूटपट्टीने मोजलेल्या प्रत्येक न्यूनतेकडे चिकित्सकाने थोडे थांबून पाहणे, हेच शास्त्राला आणि रुग्णाच्या हिताला धरून होईल.